आईची नाडी चुकत होती, आणि फाइल थायरॉइडची होती

गोदाकाठ | १७ ऑगस्ट, रात्री १०:१२

लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते.

आई ६४ वर्षांची. २००९ पासून थायरॉइडची गोळी घेते, पहाटे उठल्या उठल्या, अनशापोटी. इतकी वर्षं झाली की आमच्या घरात ती गोळी औषधात धरलीच जात नाही. कुठल्याही डॉक्टरांनी "काय काय चालू आहे?" विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं, "एक बीपीची, बास." थायरॉइडची आठवण मी करून द्यायची.

गेल्या दिवाळीपासून तिला धडधडायचं. रात्री आडवं पडल्यावर जास्त. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायची, पण तिथे नेमकी जोशीकाकूंची खिडकी आहे, त्यामुळे आम्हाला वाटायचं गप्पा मारायला थांबते. वजन ७२ वरून ५९ वर आलं. काकू म्हणायच्या, "काय छान बारीक झालात हो!" आई खूश, आम्हीही खूश. रात्रीचा भात सोडला त्याला सगळं श्रेय. हात थरथरतो ते वयामुळे. घाम येतो तो उकाड्याने. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण तयार होतं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिच्या हातात बांगड्या भरत होते. साबण लावून हात दाबून धरला होता आणि माझं बोट तिच्या मनगटावर टेकलं. दोन ठोके भराभर, मग एक गायब, मग तीन घाईघाईत, मग परत थांबा. ताल म्हणून नाहीच. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजले. ११८. शांत बसलेल्या बाईचे!

ईसीजीत निघालं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके बेताल पडण्याचा आजार. हृदयवाल्या डॉक्टरांनी ईसीजी बघून पहिला प्रश्न विचारला तो थायरॉइडचा. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, अंगात थायरॉइड जास्त झालं की हा खाली जातो) आला ०.०२, फारच कमी. म्हणजे गोळी जास्त होत होती. १२५ मायक्रोग्रॅमची गोळी ७२ किलोच्या बाईला ठरवलेली, आणि ५९ किलोची बाई तीच घेत होती. शेवटची तपासणी केव्हाची? तीन वर्षांपूर्वीची. यात दोष कुणाला देणार, आम्हीच नेलं नाही. चिठ्ठी जुनी, दुकानदार ओळखीचा, पट्टी मिळत राहिली.

आता गोळी कमी केली आहे, रक्त पातळ करायची आणि ठोके आवरायची सुरू केली आहे. इथे विचारायचं ते हे: हार्मोनचा आजार असलेल्या माणसाचं हृदय बिघडायला लागलंय हे आधी कळायला काय बघावं? थायरॉइडच नाही, बाकीचेही आजार असणाऱ्यांनी लिहा.

---

मोगरा२२ | १७ ऑगस्ट, रात्री १०:४०

बाप रे. काळजी घ्या. माझ्या आईचं पण सेम, पाच वर्षं एकच पट्टी. उद्याच रक्त द्यायला नेते.

---

तिरकस | १७ ऑगस्ट, रात्री ११:०५

आता या धाग्यावर प्रत्येक जण "फुल बॉडी चेकअप करा" लिहिणार आणि लॅबवाल्यांची चांदी होणार. ९९९ रुपयांत ८४ टेस्ट. त्यातल्या ८० कशाला हे करणाऱ्यालाही माहीत नसतं.

---

जुना_स्टेथो | १८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

गोदाकाठताई, हा त्रास तुम्ही बोटाने पकडलात. बाकी मशिनं नंतर आली. मी फिजिशियन आहे, निवृत्तीला टेकलेला. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची सवय आता आमच्यातही कमी झालीय. पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात, आणि अनियमित नाडीत तो हिशेब हमखास फसतो.

थायरॉइडचा हार्मोन हृदयावर थेट काम करतो. ठोके सुरू करणारी जी जागा आहे तिला तो पळायला लावतो, आणि वरच्या कप्प्यांच्या स्नायूंना दोन ठोक्यांमध्ये मिळणारी विश्रांती कमी करतो. मग ते कप्पे आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरत राहतात. हेच ते फिब्रिलेशन. हार्मोन गळ्यातल्या ग्रंथीने जास्त सोडला काय नि गोळीतून जास्त गेला काय, हृदयाला फरक कळत नाही.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांचा अभ्यास १९९४ साली छापून आला. साठी ओलांडलेल्या ज्या लोकांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून खाली होता, त्यांच्यात १० वर्षांत १०० पैकी २८ जणांना हा त्रास झाला. टीएसएच नॉर्मल असलेल्यांत ११. त्यामुळे साठीनंतर फार खाली गेलेल्या टीएसएचकडे "गोळी छान लागू पडतेय" म्हणून बघू नये.

वजन पाच-सात किलोने हललं, वर किंवा खाली, की टीएसएच करायचा. गोळीचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी करायचा, आधी करून उपयोग नाही, कारण हे औषध अंगातून फार सावकाश उतरतं. आणि सगळं ठीक असलं तरी वर्षातून एकदा.

थायरॉइड कमी असेल तर चित्र उलटं. नाडी मंद, कधी ५०-५५. बीपीचा वरचा आकडा बरा पण खालचा चढलेला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं. ईसीजीच्या लाटा बुटक्या. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठतं, तेही इतकं हळूहळू की पेशंटला दम लागत नाही आणि एक्स-रेत हृदय मडक्याएवढं दिसतं. अशा माणसाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं बघून नुसती स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) दिली की स्नायू दुखायला लागतात. आधी थायरॉइड दुरुस्त करा, निम्मं कोलेस्टेरॉलचं दुखणं तिथेच हलकं होतं.

जाता जाता: इंग्लंडमधल्या बाथ गावच्या कॅलेब पॅरी नावाच्या डॉक्टरने १७८६ साली थायरॉइड आणि हृदय दोन्ही बिघडलेला आपला पहिला रुग्ण पाहिला. त्याची टिपणं तो गेल्यावर १८२५ मध्ये छापली गेली, आणि त्यात गळ्याची गाठ आणि हृदयाची धडधड एकाच मथळ्याखाली आहेत. आज आपण दोन वेगवेगळ्या मजल्यांवर दोन वेगवेगळ्या फाइली करतो.

---

चिंचगूळ | १८ ऑगस्ट, दुपारी १:५०

शेवटच्या वाक्याला +१००. मी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) खोलीत काम करते, बारा वर्षं. पेशंट येतो, कागदावर लिहिलेलं असतं "टू-डी इको, धाप". हार्मोनचं काही आहे का हे कुणी लिहीत नाही. मीच विचारते आता.

रिपोर्टमध्ये सगळे एकच आकडा बघतात, ईएफ, म्हणजे एका ठोक्याला हृदयातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो. ६० आलं की घरी पेढे. पण हार्मोनच्या पेशंटमध्ये सुरुवातीचा बिघाड ईएफमध्ये दिसतच नाही. ओलं पंचं पिळताना आपण दोन्ही टोकं उलट फिरवतो ना, तसं हृदय पिळलं जातं, आणि त्याच वेळी वरून खाली आखूडही होतं. आखूड करणारे तंतू आतल्या अस्तराजवळ असतात, ते आधी थकतात. मधले गोल तंतू मग जास्त जोर लावून काम भागवतात. बाहेर पडणारं रक्त तेवढंच, म्हणून ईएफ ६०च. आतून मात्र दमलेलं.

ते दिसतं स्ट्रेनमध्ये. स्क्रीनवर हृदयाच्या भिंतीतले बारीक ठिपके मशिन ठोक्यागणिक पकडत जातं आणि भिंत किती टक्के आखूड झाली ते सांगतं. उणे २०च्या आसपास चांगलं, उणे १६ आलं की मी डॉक्टरांना हाक मारते. यंत्र बदललं की आकडा एक-दोनने हलतो, म्हणून दर वेळी शक्यतो त्याच ठिकाणी करा आणि जुना रिपोर्ट घेऊन जा. (जुना रिपोर्ट! लोक जेवणाचा डबा आणतात, रिपोर्ट आणत नाहीत.)

स्ट्रेन नसेल तरी दोन ठोक्यांमध्ये हृदय नीट सैल पडतं का ते बघता येतं. नीट पडत नसेल तर रिपोर्टमध्ये "डायस्टोलिक डिसफंक्शन" लिहिलेलं असतं. साठीनंतर पहिली पायरी बऱ्याच जणांत दिसते, घाबरू नका. पस्तिशीत दिसली तर मात्र का, ते विचारा.

---

वऱ्हाडी_ठेचा | १८ ऑगस्ट, रात्री ९:१५

माझ्या मोठ्या भावाचं सांगतो. अकोल्याले सोनाराच्या दुकानात अंगठी कापावी लागली. लग्नातली. तो सोनार म्हणे, "भाऊ, बोटं सुजली तं नाहीत, हाडच रुंद झालं दिसते." आम्ही हसलो. बूट आठचे दहा झाले, त्याचंही हसलो. घोरणं असं, की पाहुणे त्याच्या खोलीत झोपत नसत. बीपी चाळिशीत. समोरच्या दातांत फटी पडल्या, दातवाल्या डॉक्टरनं क्लिप लावायची गोष्ट काढली.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईनं आधार कार्डावरचा फोटो पाहिला, मग त्याच्याकडं पाहिलं, आणि विचारलं, "लग्नाचा अल्बम आहे का?" अल्बम नेला. नाक, जबडा, कपाळ, माणूसच वेगळा. रक्तात आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोन जास्त झालं की वाढते ते) वाढलेलं. मग ग्लुकोज पाजून ग्रोथ हार्मोन मोजलं, ते खाली यायला पाहिजे होतं, आलं नाही. एमआरआयत मेंदूखालच्या पिट्युटरीत गाठ. ॲक्रोमेगली, म्हणजे मोठ्या माणसात ग्रोथ हार्मोन जास्त होण्याचा आजार. नाकातून ऑपरेशन केलं.

अंगठी कापली तिथून निदान होईपर्यंत नऊ वर्षं गेली. आणि हातपाय वाढत होते तसं हृदयही वाढत होतं, हे कुणाच्या डोक्यात नाही आलं. इको केला तं भिंत १४ मिलिमीटर. ईएफ ६५! चिंचगूळताई म्हणतात तेच. हृदयवाले म्हणाले, बीपीमुळं असंल. बीपी तं होतंच, पण बीपी कशामुळं?

---

चिंचगूळ | १८ ऑगस्ट, रात्री ९:४८

ठेचाभाऊ, पुरुषात ही भिंत साधारण १० मिलिमीटरपर्यंत ठीक. १४ म्हणजे बरीच जाड. भावाचं आता कसं आहे?

---

वऱ्हाडी_ठेचा | १८ ऑगस्ट, रात्री १०:०२

महिन्याले इंजेक्शन चालू आहे. झोपेची तपासणी केली, श्वास थांबत होता, आता रात्री मशिन लावून झोपतो. भिंत १२ वर आली. घोरणं बंद झालं म्हणून वहिनीले झोप येत नाही म्हणे, सवय नाही.

---

पाटीपेन्सिल | १९ ऑगस्ट, सकाळी ११:२०

मी २४. पीसीओएस (पाळी आणि अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) आहे. हे सगळं वाचून धडकी भरली. मी इको करून घेऊ का? गुगलवर तर लिहिलंय हृदयविकाराचा धोका जास्त.

---

तिरकस | १९ ऑगस्ट, सकाळी ११:४१

घ्या. म्हणूनच म्हणत होतो.

---

जुना_स्टेथो | १९ ऑगस्ट, दुपारी ४:१०

पाटीपेन्सिल, नको. धाप नाही, धडधड नाही, चक्कर नाही, तर चोविसाव्या वर्षी इकोत काही निघणार नाही आणि पैसे जातील. तिरकस, खूश?

पण धोका खोटा नाही. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हृदयाच्या धोक्याच्या यादीत पीसीओएसला जागा दिली आहे. बघायचं ते वेगळं आहे. बीपी वर्षातून एकदा. लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) निदानाच्या वेळी एकदा आणि मग गरजेनुसार. साखर, तीही नुसती उपाशीपोटी नको, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी बघितलेली जास्त खरं सांगते. पीसीओएसमध्ये उपाशी साखर बरेचदा साळसूद असते. कंबर टेपने मोज. घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर डॉक्टरांना सांग, ते न विचारता सांग. सगळं मिळून हजार रुपयांच्या आतबाहेर.

मधुमेहवाल्यांसाठीही एक ओळ, कारण तोही हार्मोनचाच आजार आहे आणि कुणी तसं म्हणत नाही. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, हृदयाच्याही. अटॅक येतो आणि छातीत दुखत नाही. नुसता घाम, उलटी, अचानक थकवा. शांत बसून नाडी सारखी शंभरीला, किंवा उठून उभं राहिलं की बीपी २०ने खाली, ही त्या नसांची तक्रार असते.

---

मेलबर्नकर | १९ ऑगस्ट, रात्री ८:३०

नवऱ्याला ३६व्या वर्षी बीपी. तीन गोळ्या घेऊनही १६०. रात्री पायात गोळे यायचे, तीनदा लघवीला उठायचा. आम्ही दोघंही आयटीत, त्यामुळे "स्ट्रेस" हे निदान आम्हीच करून टाकलेलं. इथल्या जीपीने (फॅमिली डॉक्टरने) रक्तातलं पोटॅशियम बघितलं, ३.१, म्हणजे कमी. केळी खा म्हणाले नाहीत, अल्डोस्टेरॉन आणि रेनिन हे बीपी सांभाळणारे दोन घटक मोजले. किडनीवरच्या ग्रंथीत छोटी गाठ निघाली. कॉन्स सिंड्रोम, म्हणजे ती ग्रंथी अल्डोस्टेरॉन जास्त सोडते. ती ग्रंथी काढली, आता एका गोळीवर आहे.

यात नुसतं बीपी नाही म्हणे. तेवढंच बीपी असलेल्या इतर माणसांपेक्षा यांचं हृदय जास्त जाड होतं आणि ठोके चुकण्याचा त्रास जास्त होतो, कारण तो हार्मोन स्वतःच स्नायूला निबर करतो. भारतात सासऱ्यांचंही बीपी तिशीतच सुरू झालं होतं. त्यांचं पोटॅशियम कधी कुणी बघितलं होतं का, घरात कुणालाच सांगता येत नाही.

---

जुना_स्टेथो | १९ ऑगस्ट, रात्री ९:०५

उत्तम उदाहरण. एक भर: पोटॅशियम नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो. तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी दिसलं की ही तपासणी मागा. काही बीपीच्या गोळ्यांनी निकाल बिघडतो, म्हणून रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

आणि झटक्यासरशी येणारं बीपी, डोकेदुखी, घाम, धडधड, माणूस पांढराफटक, वीस मिनिटांत सगळं शांत, असं असेल तर त्याच ग्रंथीची दुसऱ्या जातीची गाठ असू शकते. फार थोड्यांत असते. पण हे "पॅनिक अटॅक" म्हणून वर्षानुवर्षं चालवलेले पेशंट मी पाहिले आहेत.

---

मोगरा२२ | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५५

आईचं रक्त दिलं, आणि गंमत झाली. टीएसएच ०.०८, टी-फोर (थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन) वाढलेलं. मी घाबरून गोळी अर्धी करायला निघाले. आईला धडधड नाही, नाडी ७०, वजन उलट वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, केसांसाठी काही घेता का? घेत होती! थायरॉइडने केस गळतात म्हणून पार्लरवालीने सांगितलेली बायोटिनची गोळी, १० मिलिग्रॅमची. ती बंद करून दोन दिवसांनी परत रक्त दिलं तर टीएसएच २.४, नॉर्मल.

---

जुना_स्टेथो | २१ ऑगस्ट, रात्री ८:२०

हे प्रत्येकीने वाचावं असं आहे. काही प्रयोगशाळांच्या तपासणी पद्धतीत बायोटिनच वापरतात, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असलं की थायरॉइडचे आकडे खोटे येतात. त्याहून वाईट म्हणजे अटॅकच्या वेळी बघतात ते ट्रोपोनिन खोटंच कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याचा जाहीर इशारा दिला होता, एका मृत्यूची नोंदही त्यात आहे. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस केसांची गोळी बंद, आणि इमर्जन्सीत गेलात तर "मी बायोटिन घेते" हे आधी सांगा.

---

तिरकस | २१ ऑगस्ट, रात्री ८:४४

बरं, आता खरंच विचारतो. आमच्या मातोश्री ८१. पॅकेजमध्ये (हो, मीच केलं, हसू नका) टीएसएच ६.८ आला, लाल अक्षरात. गोळी सुरू करायला सांगतात. करू?

---

जुना_स्टेथो | २१ ऑगस्ट, रात्री ९:३०

हसत नाही. टी-फोर नॉर्मल असेल तर ८१व्या वर्षी ६.८ हा आजार नव्हे, ते वय आहे. लॅबचा कागद ३० च्या आणि ८० च्या माणसाला एकच पट्टी लावतो. २०१७ मध्ये युरोपातली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ६५ वरची ७३७ माणसं, सगळ्यांचा टीएसएच असाच थोडा वाढलेला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. वर्षाने थकव्यात आणि एकूण प्रकृतीत काहीही फरक नाही. उलट या वयात गोळी जरा जास्त झाली की काय होतं ते धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये आहे. दोन-तीन महिन्यांनी टी-फोरसकट परत करा, आणि निर्णय मातोश्रींना प्रत्यक्ष बघणाऱ्या डॉक्टरांवर सोडा. कधी सुरू करायचीच झाली तर १२.५ किंवा २५ पासून, सावकाश.

---

चिंचगूळ | २२ ऑगस्ट, दुपारी २:३०

गोदाकाठताईंसाठी दोन गोष्टी. ठोके अनियमित असताना घरचं बीपी मशिन आकडे काहीही दाखवतं, तीनदा मोजून सरासरी धरा. आणि आईला ठोक्यांसाठी पुढेमागे अमिओडारोन दिलं तर थायरॉइडच्या डॉक्टरांना कळवा. त्या औषधाच्या वजनात ३७ टक्के आयोडीन असतं. त्याने थायरॉइड वरही जातं, खालीही जातं. आमच्याकडे असे पेशंट येतात: थायरॉइडने हृदय बिघडवलं, हृदयाच्या औषधाने थायरॉइड बिघडवलं, आणि दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या पिशवीत.

---

गोदाकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. आईची गोळी ८८ वर आणली होती. आठ आठवड्यांनी टीएसएच १.१. ईसीजीत ताल परत आलाय, कसला शॉक वगैरे न देता. इकोत ईएफ ५८, डावीकडचा वरचा कप्पा किंचित मोठा राहिलाय, सहा महिन्यांनी परत बघणार. स्ट्रेन मागून करून घेतला, उणे १८. रक्त पातळ करायची गोळी तूर्त चालू, कारण बीपी आहे आणि वय आहे.

वजन दोन किलो वाढलं. जोशीकाकू म्हणाल्या, "परत सुटलात हो." आई चार दिवस नाराज होती.

आता ती रोज सकाळी स्वतःची नाडी बघून कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. ७४, ७२, ७६. परवा गॅस सिलिंडरवाल्याचाही हात धरला होता.

एक शंका. गोळीनंतर चहाला किती वेळ थांबायचं? आई म्हणते अर्धा तास पुरे, मी म्हणते एक तास. रोज सकाळी वाद.

---

जुना_स्टेथो | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

तास चांगला, अर्ध्याच्या खाली नको. पण रोज सारखाच ठेवा. आज अर्धा, उद्या दोन तास असं झालं की टीएसएच हलतो. हाडांसाठी कॅल्शियम चालू असेल तर ते गोळीनंतर चार तासांनी. कॅल्शियम घेतात का त्या?

---

गोदाकाठ | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

विचारलं. म्हणाली, "काही नाही घेत." मग कपाटात बघितलं. घेते. चहाबरोबर.